पुढच्या सीटचं मानपान

गाडीत पुढच्या डाव्या सीटवर कोण बसणार, हे मोटार वाहन कायदा ठरवत नाही. ते आत्या ठरवते. नवे जावई असतील तर जावई. विहीणबाई असतील तर विहीणबाई. दोघांपैकी कुणी नसेल तर ज्यांचे गुडघे दुखतात ते, आणि गुडघे सगळ्यांचेच दुखत असतील तर ज्यांना मागे बसलं की गाडी लागते ते. हा मान एकदा ठरला की मानकऱ्याच्या मांडीवर घरातलं सर्वांत धाकटं मूल आपोआप येऊन बसतं. त्याला म्हणे पुढचं दिसायला हवं असतं. दीड वर्षाच्या मुलाला कात्रजच्या बोगद्यात नेमकं काय बघायचं असतं, हे कुणी विचारत नाही. मागे बसवलं तर ते रडेल, आणि लेकराला रडवत कुठं जायचंय, असं आजी म्हणते. विषय तिथं संपतो.

नेमक्या याच सीटसमोर सरकारनं एअरबॅग लावून ठेवली आहे. चालकासमोरची २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्याची २०२१ मध्ये. धडक बसली की ती साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, आणि बाहेर येतानाचा तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असतो. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. बेल्ट लावून, पाठ टेकून बसलेलं मोठं माणूस पुढे झुकेपर्यंत ती पुरती फुगलेली असते आणि त्याचं डोकं झेलते. मांडीवरचं मूल मात्र आजोबांच्या फूटभर पुढे असतं. ते तिच्या तावडीत सापडतं तेव्हा ती अजून फुगतच असते. समोरून तीनशेच्या वेगानं पिशवी, मागून बेल्ट न लावलेले ऐंशी किलोंचे आजोबा. लाडाचं वजन दोन्ही बाजूंनी येतं ते असं.

तान्ह्या बाळाच्या सीटची गत तर आणखी बिकट. त्या सीटवर बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतं. मान सांभाळायला तसंच हवं. पण ही सीट पुढे ठेवली की तिची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकते. पिशवी त्या पाठीवर आदळते आणि पाठीच्या पलीकडे लगेच बाळाचं डोकं असतं. म्हणून युरोपीय संघानं २००३ साली सांगून टाकलं की उलट्या तोंडाची सीट पुढे ठेवायची असेल तर समोरची एअरबॅग बंद केलेली हवी, नाहीतर ती सीट तिथं ठेवायचीच नाही. त्यासाठी गाडीत एक कळ असते. डॅशबोर्डच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशी, नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये. तिच्यात किल्ली घालून फिरवली की ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ असा दिवा लागतो. मोठं माणूस परत तिथं बसलं की आठवणीनं पुन्हा फिरवायची.

आपल्याकडच्या कित्येक गाड्यांना ही कळच नव्हती. इथल्या गाड्या ठोकून बघणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं आपल्या अहवालांत ही तक्रार वारंवार नोंदवली आहे. आता काही गाड्यांत कळ आली आहे, तर किल्ली गेली. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीच्या मालकाला आपल्या रिमोटच्या पोटात पोलादी किल्ली लपलेली आहे, याचा शोध सहसा रिमोटची बॅटरी संपल्यावर लागतो. ज्याला तो आधीच लागतो आणि जो खरंच कळ फिरवतो, त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. बाळ उतरतं, सासरे बसतात, दिवा तसाच जळत असतो. सासरे चष्मा लावून तो वाचतात. “ऑफ? म्हणजे माझी बंद आणि तुमची चालू?” यातून जे घडतं त्याला कोणत्याही कंपनीची पिशवी पुरी पडत नाही.

अमेरिकेनं हे सगळं आपल्या आधी भोगलंय आणि तिथल्या कारभाराची कथा आपल्या कोणत्याही सरकारी कचेरीला शोभेल अशी आहे. तिथल्या संसदेनं १९९१ मध्ये कायदा केला की दशकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक नव्या गाडीत पुढे दोन एअरबॅगा हव्यात. त्या किती जोरकस असाव्यात, हे ठरवण्यासाठी चाचणीत जो पुतळा बसवायचा तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, आणि बेल्ट न लावलेला. ताशी ३० मैलांनी भिंतीवर जाणाऱ्या गाडीत हा बेल्टद्वेष्टा गृहस्थ वाचला पाहिजे, असा दंडक होता. अमेरिकी पुरुषाला बेल्ट लावा म्हणून सांगून तो ऐकत नव्हता. मग पिशवीच इतकी दांडगी केली की त्यानं ऐकलं नाही तरी चालेल. तिचा दणका बसला शेजारच्या सीटवरच्या पोरांना आणि स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्या ठेंगण्या बायकांना. १९९० ते २००८ या काळात, एरवी सगळे चालत घरी गेले असते अशा हलक्या धडकांत, पुढच्या एअरबॅगनं २९० हून जास्त माणसं मारली, आणि त्यात मुलांचा वाटा मोठा होता. बापांच्या हट्टाचं बिल पोरांच्या नावानं फाटलं, एवढाच याचा अर्थ.

मग बोंब झाली. लोक म्हणाले, ती पिशवी बंद करून द्या. पण सुरक्षेचं साधन मेकॅनिकनं निकामी करणं हा तिथं केंद्राच्या कायद्यानं गुन्हा. आधी चटकदार रंगांची इशाऱ्याची लेबलं आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शेवटी नियम झाला की गाडीमालकानं वॉशिंग्टनला अर्ज करायचा. कारणं चारच मान्य: तान्ह्या बाळाला पुढे बसवण्यावाचून गत्यंतर नाही; एक ते बारा वर्षांच्या मुलाबाबतीत तसंच; चालकाला स्टिअरिंगपासून दहा इंच लांब बसता येत नाही; किंवा पिशवीमुळे धोका वाढेल असं काही दुखणं आहे. सोबतची माहितीपुस्तिका वाचली, असं लिहून द्यायचं. खोटं लिहिलं तर शिक्षा. वॉशिंग्टनहून मंजुरीचं पत्र आलं की ते घेऊन गॅरेजमध्ये जायचं, मग मेकॅनिक कळ बसवून देणार.

हा नियम आपल्याकडे आणला तर काय बहार येईल, याचा विचार परिवहन खात्यात कुणीच कसा केला नाही? ५०० रुपयांचा स्टँपपेपर. नोटरी. मूल अर्जदाराचंच असल्याचा जन्मदाखला, मूल पुढच्या सीटवाचून राहत नाही असं दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, मागची सीट विहीणबाईंनी व्यापल्याचा पंचनामा. हे सगळं सेतूमध्ये, सर्व्हर चालू असलेल्या दिवशी. आरटीओच्या फाटकाबाहेर छत्रीखाली बसलेला एजंट म्हणेल, “साहेब, बंदचं करायचंय की चालूचं? दोन्ही एकदम केलं तर कमी लावतो.” माहितीपुस्तिका वाचल्याची सहीसुद्धा तोच ठोकेल. आणि मंजुरी येईल तेव्हा अर्जातलं बाळ त्याच फाटकातून लर्निंग लायसन्ससाठी आत जात असेल.

अमेरिकेनं पुढे शहाणपण केलं. २००० च्या नियमानुसार सीटमध्येच संवेदक आले. बसलेलं माणूस हलकं असेल तर पिशवी आपणहून बंद होते. तिथल्या सवयींना ते ठीक. आपल्याकडे या वजनकाट्याला मांडी कशी कळणार? आजोबा अधिक नातू ही बेरीज त्याच्या हिशेबी एक भरभक्कम गृहस्थ होते, आणि भरभक्कम गृहस्थासाठी पिशवी चालू ठेवणं हे त्याचं कर्तव्यच.

आता आपला कायदा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं: चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तर १००० रुपये दंड. कायदा स्पष्ट आहे, मराठीत छापूनही मिळतो. त्या दंडाची पावती पाहिलेला माणूस मी अजून शोधतो आहे. हेल्मेट नाही म्हणून चौकात अडवणारे हवालदारही मांडीवरचं बाळ दिसलं की गालगुच्चा घेऊन सोडून देतात. स्कूटरवर चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि चाळीसच्या आत वेग, हाही केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. हँडल धरून पुढे उभी राहिलेली महाराष्ट्रातली समस्त बालप्रजा तो रोज सकाळी शाळेच्या वाटेवर वाऱ्यावर सोडते.

मुलांची सीट आणा म्हटलं की मध्यमवर्गीय बाप हिशेब मांडतो. “दोन-तीन वर्षांत मूल मोठं होणार, मग त्या सीटचं काय करायचं?” प्रश्न रास्त आहे. फक्त तो सनरूफबद्दल कधी पडत नाही. सनरूफचा उपयोग ठरलेला असतो: त्यातून मुलाला कमरेपर्यंत बाहेर काढून लोणावळा दाखवायचं. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे, तिच्यात मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे मोजतात. ते तारे सीटमध्ये नीट बांधलेल्या पुतळ्यांना मिळतात. घरी आणल्यावर तारे बापाच्या स्टेटसवर राहतात आणि पोर खिडकीतून बाहेर.

बेल्टचीही तीच कथा. गाडी टिवटिव करते म्हणून तिचं तोंड बंद करणारी एक पत्र्याची जीभ बाजारात मिळू लागली. पालघरजवळ २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्टविना गेले तेव्हा तिच्यावर बरीच चर्चा झाली. पुढच्या वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकू नका म्हणून बजावलं आणि १३ हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. काही विक्रेते ती बाटली उघडण्याचं अवजार म्हणून विकत होते. एकाच वस्तूत दोन्ही सोयी! देशी कल्पकतेला तोड नाही. हल्ली आपल्या गाड्यांत न चुकता बेल्ट लावलेला एकच प्रवासी आढळतो: पुढच्या सीटवर ठेवलेली भाजीची पिशवी. ती जड असते, गाडी टिवटिवते, आणि पाच जुड्या मेथी सुखरूप घरी पोचते.

या सगळ्यात केरळनं ऑक्टोबर २०२४ मध्ये वेडं धाडस केलं. मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवरचं बाळ एअरबॅगच्या माऱ्यानं गेल्यानंतर तिथल्या परिवहन आयुक्तांनी वेळापत्रक जाहीर केलं: ऑक्टोबरात जनजागृती, नोव्हेंबरात ताकीद, डिसेंबरपासून दंड. जनता जागी व्हायच्या आत मंत्रीच जागे झाले. दंडबिंड काही नाही, तूर्त जनजागृतीच, असं त्यांनी सांगून टाकलं. जनजागृती हा आपल्या राज्यकारभारातला फार सोयीचा प्रकार आहे. ती कधी पूर्ण होत नाही, त्यामुळे तिच्या पुढचं काही करावं लागत नाही. त्याच डिसेंबरात वाशीत पुढे बसलेलं सहा वर्षांचं मूल एअरबॅगच्या धक्क्यानं दगावलं. त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही. चार दिवस बातमी फिरली, प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर ‘काळजी घ्या’ असं आलं, आणि पुढच्या रविवारी मांड्या पुन्हा भरल्या.

वास्तविक मुलाला मागे, त्याच्या सीटमध्ये बसवलं तर त्या कळीला हात लावायची गरजच उरत नाही. पिशवी चालू राहते, सासरेही चालू राहतात. पण असा सोपा उपाय सांगितला तर मग शासन आदेश कशाचा काढायचा?

तेव्हा एक अस्सल मराठी निकडीचा मुद्दा शासनाच्या विचारार्थ मांडतो. भाद्रपदात गणपती गाडीतून घरी येतो तो पुढच्या सीटवर, मांडीवर, रुमालानं चेहरा झाकून. त्या दिवशी समृद्धीवर एकशेवीसनं जाणारा इसम वीसच्या वर जात नाही, खड्डा दिसला की थांबतो, हॉर्न वाजवत नाही. शाडूची मूर्ती, जरा धक्का लागला तर सोंड जाईल, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय मूर्ती आणताना तिचं तोंड आणणाऱ्याकडे असावं, असा बऱ्याच घरांत रिवाज आहे. म्हणजे बाप्पा उलट्या तोंडाचे प्रवासी झाले, आणि समोर चालू एअरबॅग! युरोपीय संघाचा २००३ चा निर्देश त्यांना शब्दशः लागू होतो. येत्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी बघा. बाळासाठी ज्यानं कधी गाडीचं पुस्तक उघडलं नाही, तो सर्व्हिस सेंटरला फोन लावून ती कळ कुठं आहे ते विचारेल, रिमोटच्या पोटातून किल्ली काढेल, दिवा लागल्याची दोनदा खात्री करेल आणि मगच गाडी हलवेल. धाकटे चिरंजीव तेव्हा मागे असतील, दोन सीटांच्या मधल्या फटीत उभे, पुढच्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, ‘मोरया’ म्हणायला एकदम तयार.