विषय निवडा (एकच आहे)

जून संपत आला की पाचोऱ्यातल्या ऑनलाइन सेंटरांवर, म्हणजे जिथे एरवी सातबारा, पीकविमा आणि पॅनकार्डाची कामं होतात तिथे, पदवीच्या पहिल्या वर्षाचे फॉर्म भरायला गर्दी होते. खुर्चीत सेंटरवाला, त्याच्या खांद्यामागे मुलगा, मुलाच्या मागे बाप. नाव, आधार, जात, बारावीचे गुण असं करत करत ते पान येतं. पानावर चौकट, चौकटीवर लिहिलेलं ‘खुला ऐच्छिक विषय निवडा’, शेजारी लाल चांदणी, म्हणजे निवडल्याशिवाय सुटका नाही. आणि चौकटीच्या उजव्या टोकाला एक बारीकसा उलटा त्रिकोण. सेंटरवाला त्रिकोण दाबतो. यादी उघडते. यादीत एक विषय असतो.

सेंटरवाला तो निवडतो.

या त्रिकोणाची घ्यावी तशी दखल अजून कुणी घेतलेली नाही. एकच विषय द्यायचा होता तर तो चौकटीत सरळ छापून टाकता आला असता. पण मग ते लादणं झालं असतं. त्रिकोण दाबला, यादी खाली आली, त्या एकुलत्या नावावर टिचकी पडली, की विद्यार्थ्याने निवड केल्याची नोंद होते, तीही तारीख-वेळेसकट. बारकाईने पाहिलं तर यादीत ओळी दोन असतात: पहिली ‘निवडा’ आणि दुसरी तो विषय. तेव्हा पर्याय नाहीत अशी ओरड करायला तोंड उरत नाही. पहिलीच ओळ ठेवून फॉर्म पुढे ढकलायचा प्रयत्न केला, तर लाल अक्षरांत सूचना येते, ‘कृपया योग्य पर्याय निवडा’. काही मुलं त्रिकोण दोनदा-तीनदा दाबून पाहतात. आत आणखी काही अडकलं असेल तर निघेल, ही आशा. काही जण रिफ्रेश मारतात. तेव्हा अख्खा फॉर्म कोरा होतो आणि ओटीपी पुन्हा बापाच्या मोबाइलवर जातो, आणि बाप सोबत आलेला नसेल तर तो कपाशीत वाजतो. बाप आलेला असेल आणि जरा चिकट असेल, तर मागून विचारतो, “एकच शे, मंग निवडाले काबर सांगस?” सेंटरवाला उत्तर देत नाही. मागे रांग दारापर्यंत गेलेली असते आणि त्यातल्या निम्म्यांचा पीकविमा राहिलेला असतो.

कॉलेज कोणतं, ते विचारू नये. तालुक्याच्या गावाला असतं तसं एक. भडगाव, एरंडोल, पारोळा, जामनेर, गावाचं नाव बदलून वाचलं तरी मजकुरात काना-मात्रेचा फरक पडणार नाही.

कागदावर सगळं चोख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चं. राज्याचा पदवीचा आराखडा 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने आला आणि मार्च 2024 मध्ये त्यात फेरफार झाले. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास. यातले दहा-बारा श्रेयांक या खुल्या ऐच्छिकाचे, म्हणजे दीडशे ते एकशे ऐंशी तास. अट अशी की विषय स्वतःच्या विद्याशाखेच्या बाहेरचा हवा. कल्पना चांगली आहे, हे कबूल करायला हरकत नाही. गणिताच्या मुलाने दोन नाटकं वाचावीत, इतिहासाच्या मुलीला ताळेबंद वाचता यावा, रसायनवाल्याला आपल्या गावचा इतिहास ठाऊक असावा, यात वाईट काय? त्यासाठी वरच्या पातळीवर विषयांची जी यादी होते तिला ‘बास्केट’ म्हणतात, आणि ती चांगली ऐसपैस असते. वाचताना कुणालाही पुन्हा अठरा वर्षांचं व्हावंसं वाटेल.

ही ऐसपैस यादी तालुक्याला पोहोचली की प्राचार्य ती समोर घेऊन पेन उघडतात. पर्यटन व्यवस्थापन? शिकवायला कुणी नाही, काट. छायाचित्रण? कॅमेरा नाही, काट. मानसशास्त्र? होते एक सर, निवृत्त झाले, काट. असं काटत काटत शेवटी उरतो तो विषय, जो शिकवायला माणूस आहे आणि ज्या माणसाचा कार्यभार भरत नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन हवं. समजा, वाणिज्यच्या सरांचे बाराच भरताहेत. मग कला शाखेच्या समस्त मुलांना वाणिज्यची गोडी लागते. बदल्यात वाणिज्यची मुलं मराठीच्या मॅडमकडे जातात. विज्ञानवाल्यांना कशात रस आहे, ते दोन विभागप्रमुख चहावर ठरवतात. हे साटंलोटं पक्कं झालं की मग विद्यार्थ्याला निवडीचं स्वातंत्र्य बहाल होतं. अडचण होते ती फक्त एकाच शाखेच्या कॉलेजांची. तिथे शाखेबाहेरचा विषय शाखेतल्याच माणसाने शिकवायचा असतो, आणि तो माणूस आदल्या रात्री यूट्यूब पाहून सकाळी शिकवतोही. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो निदान काहीतरी नवं शिकतोय.

पूर्वी हे सगळं किती ढोबळ होतं! कला शाखेचा मुलगा दुसऱ्या वर्षाला एस-वन, एस-टू आणि जी-टू करायचा, आणि गावातल्या पारावर कुणी विचारलं, “काय रे भो, स्पेशलला काय घेतलं?” तर एका शब्दात सांगायचा: इतिहास. विचारणारा मान हलवायचा, संभाषण संपायचं. आता त्याच पाराला मुलगा सांगतो, की मेजर आहे, मायनर आहे, शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी आणि ओई. आजोबांची समजूत होते की पोराच्या तपासण्या चालल्यात; ते काळजीने विचारतात, रिपोर्ट कधी येणार? 2023 च्या आराखड्यातल्या नमुना तक्त्याप्रमाणे पहिल्या सत्राच्या वीस-बावीस श्रेयांकांपैकी मुख्य विषयाच्या वाट्याला चार ते सहा येत होते. बाकी सगळं दोन-दोन श्रेयांकांचं. भारतीय ज्ञानप्रणाली दोन, मूल्यशिक्षण दोन, कौशल्य दोन, भाषा दोन. तीस तासांत मूल्यं येतात, तीस तासांत कौशल्य येतं. इतक्या अवधीत गावाकडे मुलाला ट्रॅक्टर रिव्हर्स घेता येत नाही.

या धोरणाचा सर्वांत आधुनिक भाग म्हणजे बहुप्रवेश आणि बहुनिर्गमन, आणि तो मात्र खान्देशाला नवा नाही. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी, म्हणजे इथल्या लोकांची पीजे, छप्पन्न किलोमीटरच्या मार्गावर शंभरेक वर्षं हेच करत होती. चालत्या पीजेतून उतरायचं, विधी उरकायचा आणि चार ढांगांत तीच गाडी पुन्हा पकडायची, अशा गोष्टी जुने प्रवासी अजून रंगवून सांगतात. नवी पदवीही अशीच हळूहळू चालते. पहिल्या वर्षानंतर 40 ते 44 श्रेयांक गाठीला असतील आणि वर चार श्रेयांकांचं जादा कौशल्य केलं असेल, तर प्रमाणपत्र घेऊन वरखेडीला उतरावं. दोन वर्षांनी 80 ते 88 झाले की, पुन्हा ते जादा चार करून, पदविका घेऊन शेंदुर्णीला उतरावं. तीन वर्षांच्या आत पुन्हा चढता येतं. सगळा प्रवास सात वर्षांत आटोपला म्हणजे झालं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत, आणि कॉलेजात मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत. म्हणजे पीजेचा तो डबा पाचोऱ्याला जोडलेलाच नाही. हेही म्हणतात, की आपल्या कॉलेजात विषय नसेल तर दुसऱ्या कॉलेजातून घ्या, श्रेयांक पेढीत जमा होतील, पेढी देशभर एकच आहे. उत्तम. जळगाव पन्नासेक किलोमीटरवर आहे. दोन श्रेयांकांसाठी आठवड्यातून दोनदा जाऊन यायचं आणि मधल्या वेळेत स्वतःच्या कॉलेजातली हजेरीही लावायची, एवढंच करायचंय. जामनेरच्या मुलाला पाचोऱ्याचा विषय घ्यावासा वाटला तर त्याने पीजेने यावं, असं सुचवता आलं असतं. पण पीजे 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती नॅरोगेजवर पुन्हा धावलीच नाही. तिचं ब्रॉडगेज होतंय. सगळ्याचंच ब्रॉडगेज होतंय.

पहिल्या वर्षानंतर जी मुलगी उतरते, ती प्रमाणपत्रासाठी उतरत नाही. तिचं लग्न ठरलेलं असतं, किंवा धाकट्या भावाची अकरावी आलेली असते आणि घरात एकाचेच पैसे असतात. आजवर ती शिकायची थांबली की कुणाला तरी, निदान वर्गातल्या बाईंना, हळहळ वाटायची. आता तिची नोंद यशस्वी निर्गमनाच्या रकान्यात होईल आणि रकाना भरला म्हणून टाळ्या पडतील.

आणि यादीत एकच विषय का, याचं उत्तर तर सगळ्यांना पाठ आहे. शिकवायला माणूस नाही. माणूस नाही कारण तो भरलेला नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यातल्या अनुदानित कॉलेजांमधल्या रिकाम्या प्राध्यापकपदांपैकी 3580 पदं भरायला परवानगी मिळाली, म्हणजे रिकाम्या जागांच्या चाळीस टक्के. उरलेल्या साठ टक्के वर्गांत मुलांनी कुणाकडे पाहायचं, हे त्या कागदात नव्हतं. त्या 3580 पैकी 1492 भरली, मग कोविड आला, पैशाला कुलूप लागलं, आणि उरलेल्या 2088 पदांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत नोव्हेंबर 2021 उजाडला. तेवढ्या काळात माणसं निवृत्त व्हायची काही थांबली नव्हती. गाळलेल्या जागा भरतो तो तासिका तत्त्वावरचा मास्तर. नेट-सेट झालेला, कधी पीएचडीसुद्धा, चाळिशीला आलेला, सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या, शिकवलेल्या तासापुरतं मानधन आणि तेही हातात पडेपर्यंत हंगाम उलटलेला. दिवाळीची सुट्टी म्हणजे त्याला सुट्टी नव्हे, बिनपगारी पंधरवडा. दरवर्षी नवी मुलाखत, नवं नियुक्तिपत्र, तेच टेबल. मुलगी बघायला गेला तर सासरा पगार विचारतो आणि हा तासाचा दर सांगतो. नवं धोरण राबवायचं म्हणून प्रशिक्षणं झाली, कार्यशाळा झाल्या, फलक लागले, पोर्टल बनलं, त्या पोर्टलात तो गुळगुळीत त्रिकोण बसला. या सगळ्याला वेळ मिळाला, माणसं मिळाली. वर्गात उभं राहणारा एक माणूस मात्र अजून प्रस्तावात आहे. निवडीचं स्वातंत्र्य द्यायला लागतो काय, तर दुसरा मास्तर! तिसरा दिला तर त्याला विविधता म्हणता येईल. एवढं साधं गणित, आणि त्यावर ही इतकी अक्षरं, इतक्या इंग्रजी आद्याक्षरांची माळ, इतके तक्ते!

असो. प्रवेश झाले, वेळापत्रक लागलं. खुल्या ऐच्छिकाला सगळ्या शाखांची मुलं एकाच वेळी मोकळी हवीत. विज्ञानाची प्रॅक्टिकलं दुपारी, कला शाखेचे तास सकाळी, वाणिज्यचे मधे. सगळे मोकळे असतात असा तास दिवसात एकच सापडतो: सकाळी साडेसात. पहिल्या आठवड्यात वर्गावर होते सर आणि गावातलीच चार-पाच मुलं. बाकीची खेड्यांवरून येणारी, आणि त्यांच्याकडून निघणारी पहिली बस पाचोऱ्याला आठ-दहाला लागते. हजेरी 75 टक्के लागते. एका मुलाने रीतसर अर्ज केला, की बसच्या वेळेमुळे पहिल्या तासाला पोहोचता येत नाही, कृपया सवलत मिळावी. अर्जावर शेरा पडला: ‘बस उशिरा येत असल्याबाबत एसटी आगाराचा दाखला जोडावा.’ मुलगा आगारात गेला. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, वेळापत्रकाची वही काढून ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, असा दाखला देता येणार नाही. बस उशिरा येतच नाही, तिची वेळच आठ-दहाची आहे.