रूटराव

बाणेर-बावधन-कोथरूडच्या पट्ट्यात साधारण दोन सोसायट्यांमागे एक रूटराव सापडतो. ठाण्यात, नाशकात, पणजीतही असतात, पण पुण्यात पीक जास्त. वय चाळिशीच्या आगेमागे. दिवसा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रत्यक्ष हात लावायचं काम कंपनीनं बढती देऊन काढून घेतलेलं. दिवसभर एक्सेलचे तक्ते आणि मीटिंगा. त्याचं उट्टं रात्री साडेदहानंतर निघतं. घरातले झोपले की रूटराव बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात, काळी खिडकी उघडतात आणि जगातल्या पाच-सहा देशांत भाड्यानं घेतलेल्या आपल्या सर्व्हरांवर ‘रूट’ म्हणून प्रवेश करतात. ऑफिसात सुट्टीचा अर्जसुद्धा तिघांच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. इथे सगळी डिस्क पुसून टाकायलाही कोणाला विचारावं लागत नाही. (आणि लिनक्सही विचारत नाही. ‘खात्री आहे का?’ असं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या सिस्टिमांबद्दल रूटरावांचं मत छापण्यासारखं नाही.)

हे सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नसतं. एक कोअर, एक जीबी रॅम, वीस-पंचवीस जीबी डिस्क. खिशातल्या मोबाइलमध्ये याच्या आठपट माल असतो. पण मोबाइलला किल्ल्याचं नाव देता येत नाही. आमच्या रूटरावांच्या मशिनांची नावं राजगड, तोरणा, प्रतापगड, रायरेश्वर अशी आहेत. पुरंदरही होता. अमेरिकेतल्या डिजिटल ओशननं वर्षानुवर्षं पाच डॉलरला दिलेलं मशीन जुलै 2022 पासून सहा डॉलरचं केलं, तेव्हा रूटरावांनी दोन रात्री विचार करून पुरंदर सोडला. त्यांच्या सासूबाई तेव्हा मुक्कामाला होत्या. जावई रात्री एक वाजता फोनवर कोणाला तरी सांगतोय, “पुरंदर दिला, पण राजगड सोडणार नाही,” हे ऐकून त्यांनी सकाळी लेकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “गं, यांची झोप होते ना नीट?”

आता या गडांवर चालतं काय? राजगडावर तोरणा चालू आहे की नाही हे दर मिनिटाला बघणारा प्रोग्राम आहे. तोरण्यावर राजगडाकडे बघणारा. प्रतापगडावर दोघांचे बॅकअप येऊन पडतात. बॅकअपमध्ये काय असतं, तर त्या दोन प्रोग्रामांची सेटिंगं. रायरेश्वरावर गेल्या उन्हाळ्यापर्यंत काही नव्हतं, पण तो इतका स्वस्तात मिळाला की न घेणं नुकसानीचं होतं. शिवाय ‘पुढेमागे ब्लॉग सुरू करायचा आहे.’ ब्लॉगचं डोमेन घेऊन बरीच वर्षं झाली. ते दर वर्षी नेमानं रिन्यू होतं, आणि त्या पत्त्यावर ‘वेलकम टू एन्जिनएक्स’ हे तयार पान तेवढं दिसतं. रूटरावांनी लिहिलेला पहिला लेख यायचा आहे. त्याआधी कोणत्या सॉफ्टवेअरवर लिहायचं हे ठरतंय.

रूटरावांचा सण नोव्हेंबरात येतो. अमेरिकेतल्या ब्लॅक फ्रायडेला छोट्या होस्टिंग कंपन्या सवलती काढतात. वर्षाला दहा-बारा डॉलरात अख्खं मशीन मिळतं. इकडे त्यातलं बरंचसं रात्री उघडतं, आणि रूटराव फराळाच्या डब्यातल्या उरलेल्या शंकरपाळ्या घेऊन जागत बसतात. यात त्यांचा अधिकार मोठा आहे, हे मान्य केलं पाहिजे. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा दर ते बघतच नाहीत, आधी रिन्युअलचा दर शोधतात. महिना नव्व्याण्णव रुपये असं ठळक छापलेलं होस्टिंग दुसऱ्या वर्षी तिप्पट होतं, हे त्यांना पाठ आहे. वर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच ते तुलना करतात. मग विचारतात, केव्हीएम आहे की ओपनव्हीझेड? एका मोठ्या मशीनचे अनेक छोटे सर्व्हर करायच्या या दोन पद्धती. केव्हीएममध्ये प्रत्येक भाडेकरूचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतंत्र असतो, ओपनव्हीझेडमध्ये सगळे एकाच कर्नलवर. स्वस्त कंपन्यांचा खरा खेळ आहे तो जागा विकण्याचा. एका मोठ्या मशीनची रॅम आणि सीपीयू, सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर दुप्पट-तिप्पट गिऱ्हाइकांना विकतात. कराड-पाटण मार्गावरच्या वडापमध्ये जसे दहाच्या जागी अठरा बसतात आणि ड्रायव्हर दाराबाहेर लटकून गाडी चालवतो, तसं. रूटराव सर्व्हर हातात आला की आधी ‘टॉप’ कमांड मारून त्यातला एसटी हा आकडा बघतात. आपल्या वाट्याचा सीपीयू किती वेळ दुसऱ्यांनी पळवला हे तो सांगतो. दोन-तीन टक्के चालतात. वीसच्या वर गेला की रूटराव कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहितात. ऑफिसात कधी लिहीत नाहीत इतकं चोख इंग्रजी त्या तक्रारीत असतं.

पैसे भरणं हा वेगळा प्रयोग. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी कंपन्यांची कार्डावरून परस्पर होणारी मासिक वसुली बऱ्याच ठिकाणी अडली. तेव्हापासून रूटराव दर महिन्याला हातानं पैसे भरतात. कॅलेंडरवर प्रत्येक गडाची तारीख लिहिलेली आहे. वहिनींनी त्याच कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलंय, ‘दूधवाला – तीन महिने.’

पाहुणा म्हणून तुम्ही रात्री त्यांच्याकडे गेलात, तर चहाबरोबर लॉग दाखवतात. हा मान सगळ्यांना मिळत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर सरकत असतात. प्रत्येक ओळ म्हणजे जगातल्या कुठल्या तरी यंत्रानं राजगडाचा दरवाजा ठोठावून पाहिल्याची नोंद. नवा सर्व्हर चालू करा, काही मिनिटांत ही मंडळी हजर होतात. त्यांना रूटराव कोण ते ठाऊक नाही, ती दिसेल तो पत्ता चाचपतात. नाव टाकून बघतात: ॲडमिन, टेस्ट, उबुंटू, ओरॅकल, पाय. रूटराव खुर्ची पुढे ओढून घेतात.

“बघा, बघा, आला! पोस्टग्रेस म्हणून आलाय. आपल्याकडे पोस्टग्रेस नाहीच!”

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही, आणि इथे ब्राझील, व्हिएतनाम, रशिया, सगळीकडून लोटालोट. पासवर्डनं आत येणं त्यांनी बंदच ठेवलंय, फक्त ‘की’, म्हणजे डिजिटल किल्ली, चालते. वर फेलटूबॅन बसवलंय. चार-पाचदा चुकीचा प्रयत्न झाला की त्या पत्त्यावर बंदी. एकदा नव्या लॅपटॉपवरून चुकीची की वापरली गेली आणि फेलटूबॅननं खुद्द रूटरावांवर बंदी घातली. स्वतःच्या गडाबाहेर ते तासभर उभे होते. दुसरा कोणी चिडला असता. रूटराव हातावर टाळी मागत म्हणाले, “म्हणजे चालतंय की नाही बघा!”

गेल्या मे महिन्यात त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली, चौथ्या की पाचव्या कडव्याला रूटरावांचा खिसा थरथरला. राजगडाचं प्रमाणपत्र संपलं होतं. डाव्या मुठीत अक्षता, उजव्या अंगठ्यानं मोबाइलवर एसएसएच, म्हणजे दुरूनच सर्व्हरवर लॉगिन. मोबाइलच्या कीबोर्डवर उभी रेघ शोधायला तीन पडदे उलटावे लागतात, ती ते शोधत होते. ‘सावधान’ झालं की हात वर जायचा, अक्षता पडायच्या, हात खाली, पुन्हा टायपिंग. शेजारच्या काकांना वाटलं, मुलगा शेअर विकतोय. प्रकरण साधं होतं. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था 2015 च्या अखेरीपासून संकेतस्थळांना प्रमाणपत्रं फुकट देते, मुदत 90 दिवस. नूतनीकरण मशीन आपलं आपण करतं. मात्र रूटरावांनी निवडलेल्या पद्धतीत त्यासाठी त्या संस्थेला पोर्ट 80 वर येऊन खात्री करून घ्यावी लागते, आणि ते पोर्ट रूटरावांनी ‘सुरक्षा कडक’ करताना स्वतःच बंद केलं होतं. उघडलं, नूतनीकरण झालं, हिरवा टिळा आला. हे सगळं ज्या पानासाठी चाललं होतं ते पान म्हणजे ‘माझे सर्व्हर चालू आहेत का’ हा तक्ता. तो बघणारा जगात एकच माणूस, आणि तो त्या वेळी मांडवात उभा होता.

रूटरावांनी मध्यंतरी स्वतःचा मेल सर्व्हरही उभा केला होता. मेल अस्सल आहे हे पटवायला एसपीएफ, डीकेआयएम, उलटा डीएनएस, सगळं शास्त्रोक्त. पण स्वस्त सर्व्हरला मिळणारा आयपी पत्ता कोरा नसतो. आधीच्या भाडेकरूनं त्यावरून काय उद्योग केले असतील ते आपल्याला भोगावे लागतात. सत्यनारायणाचं आमंत्रण तेवढं स्वतःच्या डोमेनवरून गेलं आणि सगळ्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं. प्रसादाचा शिरा सोसायटीच्या वॉचमनांना दोन दिवस पुरला. वहिनींनी त्यानंतर घरातला मेल परत जीमेलवर नेला. हा ठराव एकमतानं झाला नाही, पण झाला.

दुःखाचे प्रसंगही असतात. डिसेंबर 2020 मध्ये रेडहॅट कंपनीनं सेंटओएस आठ या फुकट लिनक्सचा आधार 2021 च्या अखेरीस काढून घेणार असं जाहीर केलं. लोक 2029 पर्यंत निर्धास्त होते. रूटरावांनी सुतक पाळल्यासारखे दोन दिवस काढले, दाढी केली नाही. मग अल्मा, रॉकी बघून झाल्यावर डेबियनला गेले आणि तिथेच राहिले. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं असतात: बस्टर, बुल्सआय, बुकवर्म, ट्रिक्सी. त्यांच्या दुसरीतल्या मुलीचा समज असा, की बाबा रात्रभर कार्टून बघतो. तिनं तसं शाळेत सांगितलंही.

बॅकअप या विषयावर मात्र त्यांना हसू नये. 10 मार्च 2021 च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. माणसं वाचली. पण ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवले होते, त्यांचं मूळही गेलं आणि प्रतही गेली. रूटराव ही कथा कीर्तनाच्या ढंगात सांगतात, आणि शेवटी श्रोत्यांपैकी एकाकडे बोट दाखवून विचारतात, “तुमचे फोटो कुठे आहेत?” तो बिचारा मोबाइल वर करतो. “आणि प्रत?” तो पुन्हा तोच मोबाइल वर करतो. या प्रश्नानंतर आमच्या मजल्यावर तीन हार्ड डिस्क विकत आल्या. सोसायटीत आजवर त्यांनी केलेल्या भाषणांपैकी एवढंच कामी आलं.

नाही, आणखी एक. गेल्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर सुरू झाले. कोणत्या विंगला किती वाजता पाणी, याच्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखाली गाडल्या जायच्या. रूटरावांनी एका रात्रीत रायरेश्वरावर एक पान टाकलं: आजची तारीख, विंग, वेळ. दुसरं काही नाही. चित्र नाही, जाहिरात नाही, लॉगिन नाही. चेअरमनच्या ऐंशी वर्षांच्या आईलाही ते उघडता येतं. अडीचशे घरांनी दिवसातून दहादा उघडलं तरी त्या छोट्याशा मशीनला घाम फुटत नाही. साध्या पानाला लागतंच किती? या कामासाठी एका व्यावसायिकानं वर्षाला अठरा हजारांचं कोटेशन दिलं होतं. रूटरावांचा खर्च सोसायटीला शून्य.

हे मशीन जर्मनीच्या हेट्झनर कंपनीचं, आणि ते आहे फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळ. मुंबईतल्या सर्व्हरपेक्षा महिन्याला थोडं स्वस्त पडतं म्हणून. त्यामुळे ए विंगमध्ये बसून सेक्रेटरीनं टाकलेली ‘आज पाणी उशिरा’ ही सूचना आधी फिनलंडला जाते आणि तिथून बी विंगला येते. मुंबईहून जे काम दहा मिलिसेकंदांच्या आत झालं असतं, त्याला इथे दीडशेच्या वर लागतात. सेक्रेटरींनी विचारलं, “अहो, इतकं लांब कशाला?” रूटरावांनी त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं, की लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते हेलसिंकीतच. आणि ज्या एसएसएचनं आपण सर्व्हरवर जातो, तेही 1995 मध्ये फिनलंडमध्येच जन्मलं. आपली पाण्याची नोटीस माहेरी जाऊन येते म्हणा ना! सेक्रेटरी ‘बरं’ म्हणाले. पाणी वेळेवर आलं होतं, एवढ्यावर ते खूश होते.

तेव्हा तुमच्या इमारतीत असा कोणी असेल, तर गणेश मंडळाचं, वाचनालयाचं, ट्रेकिंग ग्रुपचं असं साधं पान त्याच्याकडून जरूर करून घ्या. तो पैसे मागणार नाही, उलट तुमच्यापेक्षा तोच खूश होईल. चहा लागेल, आणि साधारण पाऊण तास लॉग बघावे लागतील. फक्त डोमेन मंडळाच्या नावावर नोंदवा, पासवर्ड लिहून सेक्रेटरीच्या फाइलला लावा, आणि रिन्युअलची तारीख दोघांच्या कॅलेंडरवर टाका. कारण रूटराव डिसेंबरात आठवडाभर ट्रेकला जातात, तिकडे रेंज नसते, आणि आमच्या पाण्याच्या पानाचं डोमेन अजून त्यांच्याच नावावर आहे.