एकांडा ट्रेकर

एकांडा ट्रेकर मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक या पट्ट्यात आढळतो. वय साधारण तीस ते पंचावन्न, व्यवसाय बहुधा बसून करण्याचा. आठवड्याचे पाच दिवस तो चारचौघांसारखा असतो. लिफ्ट बंद असेल तर कुरकुरतोही. शनिवारी रात्री मात्र तो एकटाच घराबाहेर पडतो, रविवारी एखादे आडबाजूचे शिखर गाठून येतो आणि सोमवारी कचेरीच्या जिन्यावरून कठडा धरून आडवा आडवा उतरताना दिसतो. गटाने जाणाऱ्या ट्रेकरपासून त्याला वेगळे ओळखण्याची खूण एकच: एकटा गेला होतास का, हे त्याला विचारावे लागत नाही.

तो जन्मतः एकांडा नसतो. त्याची सुरुवात गटातच होते. तेथे तो पाचसहा वर्षे लोकांची वाट पाहतो, डोकी मोजतो, ब्लूटूथ स्पीकर बंद करायला सांगतो आणि माथ्यावर कापलेल्या वाढदिवसाच्या केकचे खोके खाली वाहून आणतो. एकटे जाण्याचे कारण म्हणून तो हे सगळे सांगतो आणि त्यात खोटे काही नसते. पण तात्कालिक कारण वेगळे असते. ‘रविवारी कोण येतंय?’ हा त्याचा प्रश्न बुधवारी ग्रुपवर पडतो, गुरुवारपर्यंत दहाबारा अंगठे वर होतात आणि शनिवारी दुपारपासून एकेक अंगठा गळू लागतो. एकाच्या मुलीची परीक्षा निघते, एकाची कंबर धरते, एकाकडे सासरची मंडळी येतात. संध्याकाळी जो उरतो तो एकांडा ट्रेकर. एकांत त्याने निवडलेला नसतो, त्याच्या वाट्याला आलेला असतो. फक्त पहाटेपर्यंत तो त्याचे तत्त्वज्ञान करतो.

शिखराची निवड हा त्याच्या दृष्टीने चारित्र्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. पण तेथे लोखंडी शिड्या आहेत, वाटेत लिंबूसरबत आणि भजी मिळतात, सुटीच्या दिवशी शिडीला रांग लागते. त्यामुळे ते तो मोजत नाही. त्याखालोखाल बागलाणातील साल्हेर, १५६७ मीटर, राज्यातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना येथे उघड्या मैदानात हरवले, याबद्दल त्याला नितांत आदर आहे. परंतु २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेरचे नाव लागले आणि आता तिकडे गर्दी होणार, या विचाराने तो खिन्न आहे. उरते ते ट्रेकरांच्या यादीतले तिसरे नाव: घनचक्कर, १५३२ मीटर, अकोले तालुक्यात शिरपुंजे गावाच्या डोक्यावर. तेथे किल्ला नाही, लढाई झालेली नाही, भजी नाहीत आणि कचेरीतील कोणी त्याचे नाव ऐकलेले नाही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची.

तयारी शुक्रवारपासून चालते. दहा लिटरची पाठपिशवी तीनदा भरली जाते आणि चौथ्यांदा वजन कमी करण्यासाठी रिकामी केली जाते. तीन लिटर पाणी, इलेक्ट्रलची पाकिटे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, काकडी, हेडटॉर्च, शिट्टी, गुडघ्याचा पट्टा. पायांत महागडे परदेशी बूट नसतात. ‘सह्याद्रीत कातळावर अ‍ॅक्शनच्या बुटासारखी ग्रिप कशाला नाही’ हे त्याचे ठाम मत असते आणि ते ऐकण्याची तयारी असेल तर तो तळव्याची नक्षीही उलटून दाखवतो. अत्तर तो लावत नाही, कारण कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. ही खबरदारी खरोखरच शहाणपणाची आहे. तिच्यामुळे परतीच्या जीपमधील सहप्रवाशांना मात्र सहन करावे लागते. मोबाइलमध्ये आधी कोणी चालून गेलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल असते. ती ज्याने पाठवली तो मित्र दहा जणांबरोबर गेला होता. कपाटात गोनीदांचे ‘दुर्गभ्रमणगाथा’ असते.

घरी तो ‘तसे बरेच जण आहेत’ असे सांगतो. बायको थेपले मोजून देते; चौघांना पुरतील इतके देते आणि काही बोलत नाही. तिला सगळे ठाऊक असते.

प्रवासात रात्रीची शेवटची कसारा लोकल ही त्याची पारंपरिक पालखी आहे. ती बहुतांशी पाठपिशव्यांनीच भरलेली असते. या गर्दीत एकांडा ट्रेकर खिडकीशी डोळे मिटून बसतो आणि शेजारचे टोळके कोणत्या गडाला निघाले आहे ते कान देऊन ऐकतो. वाटेची माहिती चुकीची दिली जात असेल तर त्याला राहवत नाही. कल्याण येईपर्यंत तो टोळक्याचा सल्लागार झालेला असतो. कसाऱ्याला ते त्याला बरोबर चलण्याचा आग्रह करतात आणि तो ‘मी एकटाच जातो’ असे म्हणतो. हे वाक्य म्हणायला मिळावे म्हणून लोकल पकडणारेही काही आहेत. पुढे घोटीमार्गे राजूर, तेथून मिळेल ती जीप आणि उजाडता उजाडता शिरपुंजे.

गावात त्याची पहिली गाठ ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या मामांशी पडते. वयाने कितीही असोत, डोंगरातला वाटाड्या हा मामाच असतो.

“एकलेच? का मागं मंडळी हायेत?”

“एकटाच, मामा.”

“वर काय हरपलंय का?”

प्रश्न रास्त असतो. गावकरी त्या माथ्यावर जातात ते चुकलेले जनावर शोधायला. काही हरवलेले नसताना, घरी गादी असताना, पदरचे पैसे खर्चून माणूस तिकडे का जातो याचे उत्तर एकांडा ट्रेकर अनेक वर्षे घरी तयार करत आला आहे. पण मामांच्या समोर ते सांगवत नाही. तो ‘असंच, फिरायला’ म्हणतो. मामा वाट समजावून देतात: भैरोबाची वाट धरा, खिंडीत पोचलात की डाव्या हाताला भैरवगड सोडून द्या, उजवीकडे सुटा. किती वेळ लागेल, यावर उत्तर ‘हे काय, अर्धा तास’. वाटाड्या घेण्याची सूचना तो विनयाने नाकारतो. मामा बरे म्हणतात आणि चुलतभावाला हाक मारून सांगतात की एक पाव्हणा एकटा वर चाललाय, गुरांकडे जाशील तेव्हा नजर ठेव. हे ट्रेकरला कधीच कळत नाही.

गावाबाहेर एक कुत्रा त्याच्या मागे येतो. सह्याद्रीत बहुतेक प्रत्येक पायथ्याच्या गावात असा एक कुत्रा असतो. पाठपिशवी दिसली की तो पुढे चालू लागतो, वळणावर थांबून वाट पाहतो आणि बिस्किटांवर दिवस काढतो. त्याला वाट नेमकी माहीत असते. एकट्याने केलेल्या ट्रेकच्या हिशेबात कुत्रा धरत नाहीत.

चढाईच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी शास्त्रीय साधन उपलब्ध आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये नियम घालून दिला: तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. एकांडा ट्रेकर हा गुणाकार लोकलमध्येच करून ठेवतो. नियम स्कॉटलंडच्या हवेत तयार झाला, हे त्याला साडेनऊच्या उन्हात कळते. दुसरी अडचण भूगर्भशास्त्रीय आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हा प्रदेश घडला. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मधल्या मऊ थरांचे सपाट पदर. म्हणून येथला डोंगर सलग चढत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो आणि खालून पाहणाऱ्याला प्रत्येक कड्याची वरची कडा हाच माथा वाटतो. ‘आलंच की’ असे मनाशी म्हणत तो कडेवर पोचतो, तर पुढे पदर आणि पदरापलीकडे दुसरा कडा उभा. हा अनुभव तीनदा आला की तो कुत्र्याशी बोलू लागतो.

वाट चुकणे हा दिवसाचा आवश्यक भाग आहे. पदरात उतरल्यावर एका वाटेच्या सात होतात. त्यांतल्या सहा ढोरवाटा असतात. गुरांना माथ्यावर जायचे नसते, चरायचे असते. त्यामुळे ढोरवाट मोठ्या आत्मविश्वासाने निघते, कारवीत शिरते आणि कोठेही न पोचता विरून जाते. मोबाइलवरचा निळा ठिपका रेघेपासून तीस मीटरवर दिसतो, पण ते तीस मीटर आडवे की उभे हे तो सांगत नाही. कुत्रा बरोबर वाटेवर उभा राहून पाहत असतो. एकांडा ट्रेकर आपल्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवून घसाऱ्यावरून वर सरकतो, दोन पावले चढून एक घसरतो आणि कारवीचे खोड धरून दम खात असताना वरून एक आजी उतरतात. पाय अनवाणी, डोक्यावर सरपणाची मोळी, हातात कोयता.

“बाबा, तिकडं कुठं? तिकडं कडा हाय. वाट हिकडं.”

आजी मोळी न हलवता हाताने वाट दाखवतात आणि निघून जातात. या भेटीचा उल्लेख पुढे लिहिल्या जाणाऱ्या वृत्तांतात ‘थोडी शोधाशोध करून वाट सापडली’ असा होतो.

माथ्यावर पोचल्यावर नवीच पंचाईत होते. घनचक्करला टोक नाही. वर विस्तीर्ण पठार आहे. त्यातला सर्वांत उंच बिंदू कोणता याचा निवाडा डोळ्यांनी होत नाही, म्हणून तो संशयित उंचवट्यांवर आळीपाळीने उभा राहतो. त्यातही शेजारचा गवळदेव, प्रत्यक्षात थोडा बुटका असूनही, येथून बघता उगाचच उंच वाटतो आणि त्याच्या विजयावर सावली पाडतो. मग देखाव्याची हजेरी घेतली जाते. उत्तरेला कळसूबाई, तिच्या डावीकडे अलंग-मदन-कुलंग, पश्चिमेला रतनगड आणि आजोबा, दक्षिणेला हरिश्चंद्रगड. तो प्रत्येकाचे नाव मोठ्याने घेतो. ऐकायला कोणी नसल्यामुळे एखादे चुकले तरी चालते.

येथे एकांताचा परमोच्च क्षण येणे अपेक्षित असते आणि तो खरोखर येतो. वारा असतो, गवत असते, नजर पोचेल तिथवर माणूस नसतो. हा क्षण मोबाइलला रेंज मिळेपर्यंत टिकतो. अकोले तालुक्यातल्या खेड्यांत जी रेंज मिळत नाही ती उंच माथ्यावर हमखास मिळते. तो मोबाइल दगडाला टेकवतो, दहा सेकंदांचा टायमर लावतो, पळत जाऊन पाठमोरा उभा राहतो आणि दूर क्षितिजाकडे पाहतो. पाठमोरेपणा महत्त्वाचा असतो. त्यामुळे फोटो कोणीतरी नकळत काढला असे वाटते. पहिल्या चार फोटोंत कुत्रा पुढे येतो. पाचवा ग्रुपवर जातो, खाली दोनच शब्द: ‘फक्त मी.’ मग तो थेपले सोडतो आणि किती अंगठे वर झाले ते पाहत बसतो.

उतरण्याची वेळ त्याने दुपारी एकची ठरवलेली असते आणि निघायला अडीच वाजतात. डिसेंबरात या भागात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. डोंगराच्या पूर्वेच्या कुशीत तर ऊन त्याआधीच जाते. चढताना छातीने भरलेला कर उतरताना गुडघे भरतात. अंधार पडता पडता तो शिरपुंज्यात पोचतो तेव्हा राजूरची शेवटची जीप गेलेली असते आणि मामा कंदील घेऊन ओट्यावर बसलेले असतात. मामी पिठले-भाकरी वाढतात. पैसे घेण्यावरून रीतसर झटापट होते. शेवटी मामांच्या ओळखीचा भाजीचा टेम्पो घोटीपर्यंत सोडतो आणि टोमॅटोच्या क्रेटवर बसून एकांडा ट्रेकर पहिल्यांदा घरी फोन करतो. बायको विचारते, “बाकीचे पोचले का?”

त्याच्या स्वावलंबनाचा हिशेब मांडला तर त्यात डबा देणारी बायको, फाइल पाठवणारा मित्र, जीपवाला, मामा, मामी, चुलतभाऊ, मोळीवाल्या आजी, टेम्पोवाला आणि कुत्रा एवढी मंडळी निघतात. गटाने जाणाऱ्याला क्वचितच इतक्या जणांची मदत लागते. या व्यवस्थेत एक उणीव मात्र खरी आणि धोक्याची आहे: कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे तो कोणालाही लिहून देत नाही. कड्यात अडकलेल्यांना उतरवणाऱ्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी पथकांना हीच माहिती सर्वांत आधी लागते. हा कागद फ्रिजवर चिकटवून जाणारा एकांडा ट्रेकर दुर्मीळ आहे, कारण तसे केले तर बरेच जण बरोबर आहेत हे सांगता येत नाही.

या प्रकाराचे आयुष्य साधारण पंधरा वर्षांचे असते. शेवट बहुधा अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात होतो. तेथून त्याचे दोन प्रकार निघतात. पहिला सायकल घेतो. दुसरा घरी बसून तरुणांना फोनवर वाट सांगतो, किती वेळ लागेल असे विचारले की ‘हे काय, अर्धा तास’ म्हणतो आणि एकट्याने मुळीच जाऊ नका, असे बजावतो.