दहा मणी, चौथी सीट

प्रार्थनेला वेळ मिळत नाही, असं आमच्या वसईत मोठ्याने म्हणू नये. "पहाटे उठत जा गं," हा सल्ला तयारच असतो, आणि पाठोपाठ मार्कचं शुभवर्तमान: येशूसुद्धा अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला होता. खरं आहे. पण सल्ला देणारे पुढची ओळ वाचत नाहीत. शिमोन आणि मंडळी त्याला हुडकत तिथेही पोचली, सगळे तुला शोधताहेत म्हणून! देवाच्या पुत्राला एकांत मिळाला तो एवढाच. माझ्या घरात तर पहाटेच्या अंधारातही मोजे हरवतात.

म्हणून मी रोझरी लोकलमध्ये आणली. गर्दीत माळ काढली तर शेजारणीच्या ओढणीत अडकते, त्यामुळे अंगठी वापरते. भोवती दहा बारीक मणी, वर क्रूस. एक फेरी म्हणजे दहा नमो मरिया. समोरच्या काकूंच्या बोटात जप मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं. त्यांचा जप स्वामी समर्थांचा. धक्क्याने भलतं बटण दाबलं गेलं की बिचाऱ्यांचा आकडा शून्यावर. माझ्या अंगठीला बटण नाही, पण चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेलं असताना "कुठे उतरणार?" हा प्रश्न तेच काम करतो. मी "अंधेरी, आमेन" म्हणते. कुणाला खटकलेलं नाही. तोवर नायगाव मागे पडतं, खाडीचा पूल येतो आणि पलीकडे भजनी मंडळाचे टाळ सुरू होतात.

रोझरीची रहस्यं वारांनुसार वाटलेली; सोमवारी आनंदाची म्हणायची. ही वाटणी ज्याने केली त्याने सोमवारची विरार लोकल पाहिलेली नसणार. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने दिली, ती गुरुवारच्या वाट्याला गेली. सोमवारचं कुणी मनावर घेतलं नाही. तरी दुसऱ्या रहस्याशी माझं जमतं. मरिया एलिझाबेथला भेटायला डोंगराळ मुलखात घाईघाईने निघाली, असं लूक लिहितो. घाईघाईने! त्यावरून तिला कुणी सबुरीचं प्रवचन दिल्याचं ऐकिवात नाही.

मला विचाराल तर प्रार्थनेची खरी वैरीण लोकल नव्हेच; ती चर्चची कामं. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, म्हणून घराघरांत रोजची रोझरी कशी वाढेल यावर सप्टेंबरात बैठक झाली. नेमकी घरोघरी रोझरीची वेळ असते तेव्हाच. बॅनरवर मरियेचा झगा निळा की पांढरा, यावर चर्चा रंगली. मग उकडलेले चणे की समोसे, यावर त्याहून जास्त. (मी चण्यांच्या बाजूने. क्रूसापुढच्या रोझरीनंतर समोसा म्हणजे धर्मभ्रष्टता.) दहा वाजायला आले तसे फादर म्हणाले, "चला, पटकन प्रार्थना करून उठू या." ती एका दमात झाली. मुख्य विषय तेवढा राहिला, तो पुढच्या बैठकीवर ढकलला. वार ठरला मंगळवार.

मंगळवारी दुःखाची रहस्यं असतात.