सायकलपुराणिक

‘तुमचं लग्न कोणत्या साली झालं हो?’ असं कुणी विचारलं, तर साधा माणूस साल सांगून मोकळा होतो. सायकलपुराणिक डोळे मिटतात. ‘थांबा. बीएसए गेली दिवाळीत. मग मी वर्षभर पायी. हर्क्युलस आली पाडव्याला. लग्न हर्क्युलसच्या आधीचं, कारण सासऱ्यांना आणायला एसटी स्टँडवर चालत गेलो होतो. म्हणजे ७९.’ आतून काकू म्हणतात, ‘७८.’ काका क्षणभर विचार करतात. ‘असं? मग हर्क्युलस ७९ची.’ लग्नाचं साल चुकल्याचं त्यांना काहीच वाटत नाही. हर्क्युलसचं वय एका वर्षाने वाढलं, याची रुखरुख मात्र संध्याकाळपर्यंत पुरते.

ही जात मुख्यतः पुण्यात सापडते. सांगली, मिरज, कोल्हापूर, नाशिककडेही आहे; मुंबईत जवळजवळ नाही, कारण तिथे माणूस आपलं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर मोजतो. वय सत्तरीच्या पुढे. ओळखण्याची खूण सोपी आहे. रस्त्याकडेला कुणाचीही सायकल उभी दिसली की हे थांबतात आणि मागच्या टायरला अंगठ्याने दाबून बघतात. हवा कमी असेल तर ‘च्’ करतात, बरोबर असेल तर मालकाविषयी चांगलं मत बनवतात. मालक कोण, हे माहीत असण्याची गरज नसते. सायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवून ठेवणारा माणूस ते घरात घेत नाहीत असं नाही. पण त्याला चहा जरा उशिरा मिळतो.

पुराणाला अध्याय असतात, तसे याही पुराणाला आहेत, आणि क्रम मोडलेला काकांना चालत नाही. तुम्ही गिअरच्या सायकलीचं विचारायला गेलेले असा, सुरुवात वडिलांच्या रॅलेपासूनच होते. ही रॅले नॉटिंगहॅमची. ‘आसनसोलची नव्हे’, हे ते न विचारता सांगतात, कारण पुढे सेन-रॅलेने आसनसोलला कारखाना काढला आणि मग कुणीही उठून रॅले घेऊ लागलं, अशी त्यांची तक्रार आहे. तिच्या पुढच्या दातेरी चकतीत बगळ्यांची तोंडं कोरलेली होती. ती सायकल मुलांनी पुसायची, चालवायची नाही, असा घरचा नियम. वडील दुपारी झोपले की काका ती बोळात न्यायचे. नळीवरून पाय टाकायची उंची नव्हती म्हणून नळीच्या खालून पाय घालून, एका बगलेत सीट पकडून अर्धं पायडल मारत जायचे. गुडघ्यावरचा तो वण अजून आहे. धोतराच्या घरात वाढलेला हा माणूस पाहुण्यांसमोर पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवायला मागेपुढे बघत नाही.

ही रॅले पानशेतच्या पुरात गेली. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि नदीकाठचं निम्मं पुणं पाण्यात गेलं, हे खरंच. पण त्या पुरात पुण्यातल्या जुन्या घरांतून जेवढ्या वस्तू वाहून गेल्याचं सांगतात, तेवढ्या तिथे मावल्या कशा असतील, असा प्रश्न मला नेहमी पडतो. चांदीची भांडी, वतनाचे कागद, तंबोरे, खुद्द लोकमान्यांची पत्रं. ज्याचा हिशेब लागत नाही ते पानशेतात. काकांचा धाकटा भाऊ एकदा लग्नाच्या पंगतीत हळूच म्हणाला होता, की ती रॅले वडिलांनी पुराच्या आधीच विकली होती, फीसाठी. कुणाच्या फीसाठी, ते तो बोलला नाही. काकांनी ते ऐकलं आणि जिलबी वाढणाऱ्याला मोठ्याने हाक मारली.

दुसरा अध्याय भाड्याच्या सायकलींचा. तासावर सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव, वडिलांचं नाव, वाड्याचं नाव लिहून घ्यायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ टाकायचा. ते घड्याळ पुढे असे, याविषयी त्या पिढीतल्या सगळ्यांचं एकमत आहे. पंक्चर झालं तर पैसे भाडेकऱ्याचे. त्यामुळे पंक्चर सायकल हातात धरून, कॅरिअर उचलून, चाक जमिनीला लागणार नाही अशी बेताने आणायची, दुकानात लावायची आणि दुकानदार हवा बघायच्या आत पसार व्हायचं, हे काकांचं पहिलं अभियांत्रिकी शिक्षण. २०१७च्या अखेरीस पुण्यात मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, तेव्हा काका एकटेच असे होते ज्यांना त्यात नवल वाटलं नाही. ‘वही तेवढी फोनात गेली,’ म्हणाले. काही महिन्यांनी त्या सायकली नदीपात्रात आणि झुडपांत पडलेल्या दिसू लागल्या, तेव्हा मात्र चिडले. त्यांच्या मते, वाड्याचं नाव न विचारता सायकल दिली की असंच होतं.

मग स्वतःची पहिली. नोकरी लागली, तिसऱ्या पगाराला घेतली. इथे पुराण संथ होतं. फ्रेम बावीस इंची घ्यावी की चोवीस, यावर घरात झालेली चर्चा काका जशीच्या तशी सांगतात. मामा चोवीसच्या बाजूने होते, कारण उंच सायकलवरचा माणूस साहेबासारखा दिसतो. वडील बावीसच्या, कारण पुढे भावाला वापरता येईल. बावीस आली. सायकल दुकानातून घरी चालवत आणली नाही, ढकलत आणली. पहिला मान देवाला आणि देवाआधी आजीला. हळदकुंकू, हार, हँडलला लिंबू-मिरची. त्याच आठवड्यात महापालिकेचा बिल्ला. तेव्हा सायकलवर कर होता आणि दरवर्षी नवा बिल्ला ठोकावा लागे. काकांच्या कपाटात ते सगळे बिल्ले एका सुपारीच्या डब्यात आहेत. डबा हलवून आवाज ऐकवतात आणि म्हणतात, ‘हा माझा आयकर.’

त्या काळच्या सायकलस्वाराचे दोन शत्रू: दिवा आणि डबलसीट. दोन्हींचा मालक एकच, चौकातला हवालदार. दिव्याशिवाय दिसलात किंवा मागे कुणी बसलेलं दिसलं, की तो दंड करी. दंडाचा कंटाळा आला तर दोन्ही चाकांतली हवा सोडून देई. काकांनी म्हणून डायनामो बसवला. पण डायनामोचा स्वभाव असा की चाक फिरेल तितकाच तो उजळतो. तुम्ही जोरात निघालात, की रस्ता लख्ख. चौकात वेग कमी केलात, की अंधार. आणि हवालदार उभा असतो तो चौकातच. ‘साहेब, आत्ता होता,’ हे वाक्य पुण्यातल्या हवालदारांनी जितक्या वेळा ऐकलं असेल, तितक्या वेळा ‘नमस्कार’ ऐकला नसेल. यावर काकांनी काढलेला उपाय म्हणजे हवालदाराभोवती गोल फेरी मारत बोलणं. थांबायचं नाही, म्हणजे दिवा विझत नाही. हवालदार जागच्या जागी वळत राहिला, आणि शेवटी त्यालाच चक्कर आली, असं काका सांगतात. हे मला खरं वाटत नाही. पण सांगताना ते खोलीत गोल फिरून दाखवतात, तेव्हा पटतं.

सायकलपुराणिकांनी एकही सायकल विकलेली नसते. त्यांच्या सगळ्या सायकली चोरीला जातात. शिवाय त्या कुणीही भुरटा नेत नाही. चोर पारखी असतो. ‘शेजारी चार उभ्या होत्या. त्याने माझीच उचलली.’ यात दुःख किती आणि अभिमान किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. बीएसए गेली तेव्हा काका पोलीस चौकीत गेले. फ्रेमचा नंबर त्यांना पाठ होता, आजही आहे. मुलीच्या जन्माची वेळ विचारली तर काकूंकडे बघतात.

मला पुष्कळ दिवस वाटायचं की या माणसाला सायकलींचं वेड आहे. तसं ते नाही. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला स्वतःविषयी बोलायची फार लाज वाटते. गरिबी होती, हे सांगायचं कसं? मग तो सांगतो, टायर फाटलं तेव्हा आतून जुन्या टायरचा तुकडा घालून दोन वर्षं काढली. लग्नानंतर बायकोवर जीव जडला, हे तर या घरांत उच्चारायचंच नाही. तो सांगतो, हर्क्युलसला मी दुकानातलं जड कॅरिअर काढून दुसरं रुंद बसवलं, त्यावर उशी बांधली, आणि हवालदार नसलेल्या बोळांचा एक रस्ता शोधून काढला, सारसबागेपर्यंत. काकू तेवढ्यापुरत्या स्वयंपाकघरातून बाहेर येतात आणि म्हणतात, ‘उशी कसली, गोणपाट होतं.’

स्कूटर ही त्यांच्या पुराणात आली ती नाइलाजाने, म्हणून हा अध्याय छोटा. ७२ साली चेतक आली आणि त्याच वर्षी लुनाही. चेतकसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. मूल झालं की नंबर लावायचा, म्हणजे ते शाळेत जाईपर्यंत गाडी येईल, असा हिशेब. काकांनीही लावला. नंबर आला तेव्हा त्यांनी तो साडूला दिला आणि ऑफिसला सायकलवरच जात राहिले. लुनाविषयी त्यांचं मत वेगळं आहे. तिला पायडलं होती ना! पेट्रोल संपलं की पाय मारत घरी येता येई. म्हणून लुना त्यांच्या लेखी परधर्मात गेलेल्या चुलत बहिणीसारखी आहे: बोलायचं, पण पंगतीला बसवायचं नाही.

ऑफिसची ती वर्षं म्हणजे खरं तर पुण्याच्याही उमेदीची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची किंवा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पाळी सुटली, की रस्ताभर घंट्या. त्या गर्दीत पडणं अशक्य होतं, काका म्हणतात. पडायला जागाच नसायची. मुंबई-पुणे सायकल स्पर्धेच्या दिवशी ते रजा काढून खंडाळ्याला जात. ‘घाटाचा राजा’ ठरणाऱ्याला ते कधी बघायचे नाहीत. ते थांबायचे शेवटच्या गड्यासाठी. त्याची चेन हमखास उतरलेली असे आणि काकांच्या पिशवीत पाना असे.

ओव्हरहॉलिंग हा मात्र घरातला वार्षिक उत्सव. गणपतीच्या आधीचा रविवार. अंगणात वर्तमानपत्र पसरायचं, सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. एक्सल सोडवला की छर्रे रॉकेलमध्ये. छर्रे मोजून ठेवायची जबाबदारी मुलांची, आणि एक तरी कमी भरणारच. तो शोधायला घरातले सगळे ओणवे. पंक्चरसाठी काकूंचं कणीक मळायचं तसराळं, ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायला. मग कानस, सोल्युशन, फुंकर, पॅच, वर हातोडीचा दांडा. चाकाचा आउट काढताना काका जीभ दाताखाली धरतात, आणि तेव्हा त्यांच्याशी बोललेलं चालत नाही. एकदा घरमालक भाडं मागायला आले होते ते तसेच परत गेले.

मुलाने गेल्या वर्षी सायकल घेतली. किंमत काकांच्या पहिल्या फ्लॅटच्या बुकिंगपेक्षा जास्त. मुलगा रविवारी पहाटे चड्डी-टोपीचा अवतार करून सिंहगडाच्या पायथ्याशी जातो. सायकल मोटारीच्या टपावर बांधून. हे काकांना समजावून सांगताना सगळं घर दमलं. ‘म्हणजे सायकल मोटारीत बसते आणि तू सायकलवर बसायला मोटारीत बसतोस?’ तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँडही नाही. स्टँड नाही हे कळल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अंगठ्याने मागचं टायर दाबलं, आणि म्हणाले, ‘हवा ठीक आहे.’

परवा सोसायटीने नोटीस लावली: जिन्याखालच्या बेवारस व नादुरुस्त सायकली सात दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील. जिन्याखाली तीन सायकली होत्या आणि तिन्ही काकांच्या. नव्या पार्किंगमध्ये मोटारीला जागा हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी ‘बेवारस’ या शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारली आणि समासात तिन्ही फ्रेमचे नंबर लिहिले. तरी सेक्रेटरी मुलगा चांगला, त्याने घरी येऊन हात जोडले. ‘काका, निदान एक तरी कमी करा. माझीही अडचण समजा.’ काकांना अडचण समजली. मुलीची लेडीबर्ड, चेन गंजून एकजीव झालेली, ती द्यायचं ठरलं. भंगारवाल्याला बोलावलं. त्याने ताणकाटा काढला तसे काका भडकले. सायकल किलोवर? वीस मिनिटं झाली तरी खालून आवाज येईना, म्हणून काकूंनी गॅलरीतून पाहिलं. काका टेम्पोत चढले होते. भंगाराच्या ढिगातून त्यांनी एक अॅटलास ओढून काढली होती, काळी, बावीस इंची, आणि तिचं चाक फिरवून जीभ दाताखाली धरून बघत होते. सोनिपतची कंपनी, साहिबाबादचा तिचा कारखाना ३ जून २०२०ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, हे ते भंगारवाल्याला सांगत होते. भंगारवाला बिचारा माना डोलवत होता आणि भाव वाढवत होता.

संध्याकाळी सेक्रेटरी जिन्याखाली मोजून आला. एक, दोन, तीन, चार.

‘काका, आपलं एक कमी करायचं ठरलं होतं ना?’

‘केली की. त्याच्या टेम्पोतली.’