शेंग्याला दात येताहेत

म्युनिक, रविवार

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं अण्णा विचारतील. कारण एकच. अण्णा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. मग शेजारच्या काकू, वरचे भाडेकरू आणि दूध घालायला आलेला पोरगा असे सगळे मिळून आमच्या कुत्र्याचा, शेंग्याचा, निवाडा करतात. परवा तर मी 'हॅलो' म्हणायच्या आत मागून कुणीतरी विचारलं, "आज काय चावलालंय बे ते?" म्हणून सगळा मामला एकदाच सविस्तर लिहितो. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही.

आधी पंचनामा. जेवणाच्या टेबलाचे दोन पाय, सोफ्याची एक कड, तुमच्या सूनबाईच्या ऑफिसच्या खुर्चीचं चाक, बैठकीच्या दाराची चौकट आणि आईनं सामानात घालून दिलेला सागवानी पाट. टेबल आमचं, पाट आपल्या घरचा. चौकट मात्र घरमालकाची. इथे घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत ठेवून घेऊ शकतो. शेंग्या ती रोज थोडी थोडी खातो. वर त्याच्यापायी महापालिकेला वर्षाला १०० युरो भरायचे ते वेगळेच. घरपट्टी, पाणीपट्टी आपण सोलापुरात भरली. कुत्रापट्टी भरायचं भाग्य इथे लाभलं.

त्याचं नाव शेंग्या कसं, हे काकूंनी विचारलं होतं. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा आहे आणि नाव ठेवलं तुमच्या नातीनं, त्यामुळे अपील नाही. जातीनं तो डॅकेल. धड लांबलचक, पाय नावापुरते. बिळात शिरून बिज्जूला भिडावं म्हणून शिकाऱ्यांनी ही जात जोपासली. त्या कामाला लागणारा हट्ट, पंजे आणि दात त्याच्याकडे शाबूत आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बिज्जू तेवढा नाही. त्यामुळे तो सोफ्याखाली शिरतो आणि सोफ्यालाच बिज्जू समजतो.

या गावात तक्रार करायचीही सोय नाही. १९७२ साली म्युनिकला ऑलिंपिक भरलं, तेव्हा वाल्डी नावाचा रंगीबेरंगी डॅकेल स्पर्धेचा शुभंकर होता; ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर तोच. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकृतीवरून आखला होता. ज्या गावानं डॅकेलच्या पाठीपोटावरून धावपटू पळवले, तिथे माझ्या टेबलाच्या पायांचं कुणाला काय?

आता तुमच्या सल्ल्यांचा हिशेब.

पहिला सल्ला काकूंचा, टेबलाच्या पायांना शेंगाचटणी चोळा, तोंड पोळलं की परत येणार नाही. काकूंना सांगा, सोलापूरची शेंगाचटणी कुठल्याही लाकडाला लावली तर ते लाकूड मीसुद्धा चाटेन. शिवाय त्या चटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. तिखटानं मुक्या जनावराची आग करणं तर नकोच. चटणी आम्ही भाकरीबरोबर संपवली. कडवट चवीचा एक फवारा इथे दुकानात मिळतो, तो पायांवर मारतो. त्याचा उपयोग होतो, पण चव उडाली की पुन्हा मारावा लागतो.

आईचा सल्ला, त्याला भूक लागत असेल, चार बेदाणे टाकत जा. आई, तू पाठवलेले पंढरपूरकडचे बेदाणे फार गोड निघाले आणि म्हणूनच ते फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात आहेत. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही द्यायचा नाही. द्राक्षांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

अण्णांचा सल्ला, दोन रट्टे द्या. अण्णा, त्यावर आईनंच तुम्हाला फोनवर गप्प केलं होतं, "खंडोबाचं कुत्रं ते, हात उगारायचा नाही." आपल्या बाळे गावच्या खंडोबाची ही आज्ञा आणि इथलं शास्त्र दोन्ही एकाच बाजूला आहेत. टोकदार काट्यांचे पट्टे घालून कुत्र्याला शिकवणं जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून बंद आहे. आणि संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या टेबलाबद्दल ओरडण्यात अर्थही नाही. सकाळचं चावणं आणि संध्याकाळचं ओरडणं यांचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की हा माणूस ऑफिसातून चिडून येतो. ते खरंही आहे.

शेवटी पशुवैद्यांकडे गेलो. बाईंनी आधी आम्हाला त्याचं तोंड उघडून दाखवलं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचा होईतो ४२ पक्के दात येतात. तेवढा काळ हिरड्या ठणकतात. तो खोडी काढत नाही, सूडही घेत नाही. हिरड्या शिवशिवतात आणि घरात कंटाळा येतो, एवढीच त्याची अडचण. बाई म्हणाल्या, चावायचं बंद होणार नाही, काय चावायचं ते तुम्ही ठरवा.

पहिला उपाय आपल्याच कपाटात निघाला. आईनं दिलेले सोलापुरी नॅपकिन! त्यातला एक भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि आपल्या देखत त्याला चघळायला द्यायचा. थंडाव्यानं हिरड्या निवतात. दुसरा नॅपकिन पसरून त्यात त्याचं खाणं विखुरतो आणि गुंडाळी करून ठेवतो. ती नाकानं उलगडत बसला की अर्धा तास घरात शांतता. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालावर जेवणारा हा या इमारतीतला एकमेव कुत्रा असावा. अट एकच, त्याचे नॅपकिन ठरलेले. जुनी चप्पल चावायला दिली तर नवी आणि जुनी यांतला फरक त्याला कळत नाही; नॅपकिनचंही तेच. सोलापुरी चादर म्हणूनच सध्या कपाटाच्या वर गेली आहे.

दुसरा उपाय रबरी खेळण्याचा. कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घ्यायचा. १९७०च्या दशकात मार्कहॅम फोक्सवागन दुरुस्त करत असताना फ्रिट्झनं तिच्या सस्पेन्शनचा रबरी तुकडा उचलला आणि दगडांचा नाद सोडला. त्यावरून 'काँग' नावाचं पोकळ रबरी खेळणं निघालं. आम्ही त्यात बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात भरून गोठवतो. मोटारीच्या भागात दहीभात घालून जर्मन कुत्र्याला वाढताना सूनबाई रोज एकदा कपाळाला हात लावते.

बाकीचे नियम त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त आहेत. टेबल चावताना दिसला तर आरडाओरडा नाही. त्याचं खेळणं पुढे करायचं आणि त्यानं ते घेतलं की शाबासकी द्यायची. कुणाचं लक्ष नसेल तेव्हा तो त्याच्या कठड्याच्या आत. सकाळ-संध्याकाळ बाहेर भरपूर हुंगू द्यायचं. शिजवलेलं हाड नाही, त्याच्या चिरफळ्या घशात जातात. बुटांचा पसारा नाही, वायरी जमिनीवर नाहीत. तुमचा नातू आपलं दप्तर आणि मोजे उचलून ठेवायला लागला आहे. अण्णा, तुम्ही आणि आईनं मिळून मला जे शिकवायला इतकी वर्षं घालवली, ते शेंग्यानं त्याच्याकडून करून घेतलं. टेबलाचे उरलेले दोन पाय शाबूत आहेत.

आता एक विनंती. आपल्या फाटकाशी कुत्री व्याली असं आईनं सांगितलं. त्या पिल्लांनाही थोड्या दिवसांत दात येतील आणि अण्णांची चप्पल जाईल. तेव्हा दगड भिरकावू नका, चपला आत ठेवा. ऊन तापायच्या आत पाण्याचं पसरट भांडं बाहेर ठेवा आणि पिल्लं तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या. चटणी आणि बेदाणे संपत आले आहेत, ते पाठवा. नॅपकिन डझनभर पाठवा. पाट मात्र आता नको.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
बाळू