शिफ्टिंगवाले भाऊ

रस्त्याच्या ठेकेदाराकडे इंजिनिअर असतो, पोकलेनवाला असतो, आणि एक शिफ्टिंगवाले भाऊ असतात. भाऊंना हुद्दा नाही. रुंदीकरणाच्या आड येणारे विजेचे खांब, पाण्याच्या लाइनी, केबली हलवून घ्यायच्या, एवढंच काम. वस्तू एकाची, जागा दुसऱ्याची आणि शिव्या भाऊंना.

भाऊंना रस्ता दिसतच नाही. त्याच्या पोटात काय आहे ते दिसतं. वरातीत सगळे नवरदेवाकडे बघतात, हे मांडवापुढच्या खांबाकडे. "अकरा केव्ही. आणि खाली जुनी सी.आय. लाइन आहे, शिशाच्या जॉइंटची. धक्का लागला की सुटलीच!" शेजारचे मामा डाव्या पायाखाली बघतात आणि हळूच जागा बदलतात.

एक खांब हलवायचा म्हणजे काय, ते भाऊंकडूनच ऐकावं. आधी संयुक्त पाहणी. तिला तीन खाती यायची असतात, वेळेवर येतात ते भाऊ. मग अंदाजपत्रक, मंजुरी, पैसे भरणं. काम ठेकेदारानंच करायचं ठरलं, तर महावितरणचं 1.3 टक्के देखरेख शुल्क. "खपायचं आपण, बघायचं त्यांनी," भाऊ सांगतात, "आणि बघण्याचे पैसे आपण द्यायचे." एवढं झालं की वीज बंद ठेवण्यासाठी शटडाऊन मागायचा. तो दहावीच्या परीक्षेत मिळत नाही, गणपतीत मिळत नाही, आणि पाण्याच्या पंपाचा फीडर असला तर नावच काढू नका.

तोवर रस्ता थांबत नाही. मुरूम पडतो, खडी पडते, थरावर थर चढतात. तार मात्र होती तिथंच. रस्ता ओलांडणारी अकरा केव्हीची तार किमान 6.1 मीटर उंच हवी; खालून रस्ता वर आला की परवापर्यंत कायद्यात बसणारी तार आज उसाच्या ट्रॉलीला टेकायला बघते. याचाही जाब भाऊंनाच.

पाण्याच्या लाइनीचं दुखणं वेगळं. नकाशात ती डावीकडे असते. कुणाच्या डावीकडे, ते लिहिलेलं नसतं. मग भाऊ एका निवृत्त व्हॉल्व्हमनला मोटारसायकलवर बसवून आणतात. म्हातारा चपला काढतो, पानटपरीपासून पावलं मोजतो, टाच आपटतो. "हितं खांदा. मशीन नको, कुदळीनं." चाचणी खड्डा चार फूट गेला की कुदळ खणकन वाजते. त्याच वेळी नवा इंजिनिअर जमिनीखालचं दाखवणारं चाकांचं यंत्र फिरवत अजून कोपऱ्यावरच असतो.

खोदण्याआधी लाइनवाल्यांना कळवावं, म्हणून 2023 मध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढलं. भाऊंनी ते भक्तिभावानं घेतलं, उघडून बघितलं आणि व्हॉल्व्हमनला फोन लावला.

भाऊंचा खरा मान मात्र मुदत संपत आल्यावर. एरवी 'तो खांब अजून तिथंच?' म्हणून खेकसणारा मालक त्यांना एसीत बसवतो, स्पेशल चहा मागवतो.

"भाऊ, वळणावरचा तो खांब हाय ना अजून?"

"हाय की."

"असू द्या."

रस्ता रखडल्याचं कारण खांब आहे, हे अडथळ्यांच्या नोंदवहीत, म्हणजे हिंडरन्स रजिस्टरमध्ये, तारखेनिशी चढलं की दंडाशिवाय मुदतवाढ मागता येते. कलमात बसलं तर भाववाढही पदरात पडते. ही नोंद भाऊंच्या अक्षरात असते आणि ते अक्षर तेव्हा मोत्यासारखं येतं : 'वारंवार विनंती करूनही सदर खांब…' लोकांना वाटतं, भाऊंची कमाल खांब हलवण्यात आहे. अर्धी कमाल तो नेमका कधी हलू नये, यात आहे.

नोंदीवर सही होते, शाई वाळायची असते, तोच फोन वाजतो. वीज कंपनीचे साहेब. सहा महिने विनवण्या करून न मिळालेला शटडाऊन उद्या सकाळी दहाला मंजूर. माणसं आणि क्रेन तयार ठेवा.

भाऊ मालकाकडे बघतात. मालक छताकडे.

"उद्या?" भाऊ कळवळून म्हणतात, "अहो साहेब, उद्या अमावस्या आहे!"